नोकरीसाठी जर्मनीला जाताना कर, व्हिसा, गाडी आणि विमा यांचं काय करावं?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कुणाला लागू पडेल ते इतर वाचकांनाही कळेल. पुण्यात आयटीत नोकरी, स्टुटगार्टच्या कंपनीचं थेट ऑफर लेटर, 1 ऑक्टोबर 2025 ला रुजू व्हायचंय. बायको आणि चार वर्षांची मुलगी डिसेंबर-जानेवारीत येणार. दारात एक गाडी, तिचे हप्ते अजून चालू. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, "तिकीट 29 किंवा 30 सप्टेंबरचं बघतोय."

पहिलं काम म्हणजे ते तिकीट बदला. 28 सप्टेंबरला किंवा त्याआधी देश सोडा.

एका आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात राहिलेला माणूस इथला करनिवासी ठरतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला जायच्या वर्षी एवढीच कसोटी लागते. 1 एप्रिलपासून मोजा: निघायचा दिवस धरून 28 सप्टेंबरला 181 दिवस होतात, 29 ला 182. म्हणजे तुम्ही म्हणता त्या तारखांना निघालात, तर ऑक्टोबर ते मार्चचा जर्मन पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. दोन देशांत करार असल्याने दोनदा कर सहसा भरावा लागत नाही. पण परदेशात भरलेल्या कराची सूट मागायचा फॉर्म 67 भरा, जर्मनीतून करनिवासाचा दाखला मागवा, परदेशी खात्यांची माहिती द्या, सीएची फी भरा, हे सगळं एका दिवसापायी मागे लागतं. आणि मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. "28 च्या रात्रीचं" तिकीट प्रत्यक्षात 29 चं असू शकतं. पासपोर्टवर शिक्का कोणत्या तारखेचा पडेल ते बघून बुकिंग करा. तुमचा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा जर्मन व्हिसा) त्या तारखेपासून लागू आहे ना, तेही तपासा. व्हिसावरची सुरुवातीची तारीख 1 ऑक्टोबर असेल तर लवकर जाता येणार नाही, म्हणून अर्जातच आधीची तारीख मागा.

जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथे तुम्हाला 2025 मध्ये तीनच पगार मिळतील, पण कंपनी दर महिन्याचा कर कापताना तुम्ही वर्षभर तेवढंच कमावताय असं धरते. त्यामुळे जास्तीचा कापलेला बराचसा कर रिटर्न भरल्यावर परत येतो. मात्र जानेवारी ते सप्टेंबरच्या भारतातल्या पगारावर जर्मनी कर लावत नसली, तरी कराचा दर ठरवताना तो धरते. तेव्हा तो आकडा द्यावाच लागतो. फॉर्म 16 एप्रिल ते मार्चचा असतो, इथे त्याचा अर्धाच उपयोग. जानेवारीपासूनच्या सगळ्या सॅलरी स्लिप लॅपटॉप परत करायच्या आधी, कंपनीच्या पोर्टलचा लॉगिन चालू असताना उतरवून ठेवा. नोकरी सोडल्यावर एचआरला मेल करत बसण्यात काही अर्थ नसतो.

आता कुटुंबाची तारीख. लग्न झालेल्यांना कराचा सोयीचा वर्ग 3 मिळतो, पण जोडीदार जर्मनीत राहत असेल तरच. बायको पुण्यात असेपर्यंत तुम्ही वर्ग 1 मध्ये, म्हणजे अविवाहितासारखे. पण ती 31 डिसेंबरच्या आत येऊन तिथे राहायला लागली, तर त्या संपूर्ण वर्षाचं एकत्र रिटर्न भरता येतं. तिचा इथला पगारही मग दरासाठी मोजला जाईल, त्यामुळे ती चांगलं कमावत असेल तर फायदा कमी होतो. दोन्ही बाजूंनी आकडेमोड करून बघा. जानेवारीत येण्याला शाळेचं वगैरे कारण नसेल, तर डिसेंबर बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

व्हिसाबद्दल तुम्ही सर्वात जास्त काळजीत दिसता, पण तुमच्यासारख्या माणसाला तो भाग तसा सरळ आहे. ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यासाठी, 2025 ची पगाराची अट वर्षाला 48,300 युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांना 43,759.80. परदेशी पदव्यांची माहिती देणाऱ्या अनाबिन या जर्मन संकेतस्थळावर तुमच्या विद्यापीठापुढे एच प्लस (मान्यताप्राप्त असल्याची खूण) आहे का आणि पदवी जुळते का ते बघा, छापून फाइलमध्ये लावा. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून ती नोकरी करू शकते. स्वतः मात्र भाषा शिका. बी1 ही मधली पातळी असेल तर कायम वास्तव्याचा परवाना 21 महिन्यांत मिळू शकतो, नुसती ए1 ही पहिली पातळी असेल तर 27.

अडचण येते ती नावांत. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, पदवीवर आडनाव आधी, विवाह प्रमाणपत्रावर बायकोचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. जर्मन कारकुनाला या तीन वेगळ्या बाया वाटतात. बायकोचा आणि मुलीचा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखला यांतली नावं अक्षर न अक्षर जुळतात का ते आजच बघा. दुरुस्ती लागली तर महापालिकेत किती वेळ जातो ते तुम्हाला सांगायला नको.

पोचल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, भाडेकरार चालत नाही. तात्पुरत्या घरासाठी बुकिंग करताना "हा कागद देणार का" हे लेखी विचारा. अर्जात धर्माचा रकाना रिकामा ठेवा. चर्चचे सदस्य नसाल तर चर्चकर लागत नाही, असाल तर स्टुटगार्टच्या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के असतो. नोंदणीनंतर अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, तेव्हा पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी लावा.

आरोग्यविम्यावर माझं मत ठाम आहे: सरकारी व्यवस्थेतला घ्या. तुमचा पगार खासगी विम्याच्या मर्यादेच्या (2025 मध्ये वर्षाला 73,800 युरो) वर असेल तर खासगीचे एजंट फोन करतील, आणि एकट्या तिशीतल्या माणसाचा हप्ता खरंच कमी दाखवतील. पण सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलगी फुकटात येतात, खासगीत प्रत्येकाचा वेगळा हप्ता. वय वाढतं तसा तो चढतो, आणि पंचावन्नीनंतर परत सरकारीकडे येणं जवळपास अशक्य. दुसरा विमा घ्यायचाच तो खासगी दायित्वाचा, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, हाफ्टफ्लिष्ट म्हणतात तो. बहुधा वर्षाला शंभर युरोच्याही आत बसतो. इमारतीची किल्ली हरवली आणि सगळ्यांची कुलपं बदलावी लागली तर बिल हजारोंत जातं. किल्लीचं कलम पॉलिसीत आहे ना ते वाचा. बाकी दातांचा, कायद्याचा, सामानाचा विमा सहा महिन्यांनी बघू म्हणा.

भारतातली आरोग्य पॉलिसी मात्र बंद करू नका. चार-पाच वर्षांनी परतलात तर प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. टर्म पॉलिसीवाल्यांना देश बदलल्याचं लेखी कळवा. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं खातं) करून घ्या आणि आधारला जोडलेलं सिम थोडक्या रिचार्जवर जिवंत ठेवा, ओटीपीशिवाय इथलं काहीच हलत नाही. एक गोष्ट बँकेचा माणूस सांगत नाही: एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायची ठेव) व्याज भारतात करमुक्त आहे, जर्मनीत नाही. तिथले रहिवासी झालात की ते जर्मन रिटर्नमध्ये दाखवायचं. इथल्या म्युच्युअल फंडांचा हिशोब तिथे बराच किचकट आहे. रक्कम मोठी असेल तर जर्मन करसल्लागाराची फी वसूल होते.

गाडी विका. भावाकडे ठेवून जातो असं सगळे म्हणतात, मग विमा, पीयूसी आणि चलनं भावाच्या डोक्यावर. आधी बँकेचं कर्ज फेडून एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, मग मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः पाहा आणि फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि जर्मन विमा कंपनीलाही दाखवून बघायला हरकत नाही, कारण तिथे नवख्याचा हप्ता फार चढा असतो.

जर्मनीत पहिल्या दिवसापासून गाडी लागत नाही. महिन्याच्या एकाच तिकिटात (2025 मध्ये 58 युरो) देशभरातल्या लोकल, बस, ट्राम येतात. पण परवान्याचं काम लगेच हाती घ्या. तुमचा भारतीय परवाना राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो. आरटीओतून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभराचा असला तरी ही मुदत वाढत नाही. त्यानंतर चालवलीत तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. भारतीय परवाना नुसता बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. ठरावीक तासांची सक्ती परवाना असलेल्यांना नाही, तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सात-आठ तास घ्याच. पंधरा वर्षं कर्वे रोडवर चालवलेला माणूसही तिथे नापास होतो तो दोनच कारणांनी: खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि वळताना नुसत्या आरशात न बघता मान वळवून खांद्यावरून मागे बघावं लागतं. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग आणि परवान्याचं भाषांतर हे ऑक्टोबरमध्येच उरका. अर्ज मंजूर व्हायलाच काही आठवडे जातात. बायकोचे सहा महिने तिच्या येण्यापासून वेगळे मोजले जातील.