थीम, सूत्र आणि ऊती

अकरावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या इथल्याच एका मॅडमनी विचारलंय: "रचना आणि कार्य, ऊर्जा, आनुवंशिकता, समस्थिती (शरीराने आतला समतोल राखणं), उत्क्रांती या गोष्टी पहिल्या धड्यात भेटतात आणि मग वर्षभर पाठ सोडत नाहीत. इंग्रजीत त्यांना 'युनिफाइंग थीम्स' म्हणतात. आमच्या नोट्समध्ये 'एकीकृत विषय' छापलंय. बरोबर आहे का? आणि 'ऊती' (टिश्यू, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह) हा शब्द दूध उतू जातं त्यातला का?"

मॅडम, 'एकीकृत' आधी खोडा. एकीकृत म्हणजे एकत्र केलेलं. तुम्हाला हवंय एकत्र करणारं, म्हणजे अर्थच उलटा झाला. 'विषय'ही नको. पचन हा विषय झाला, तो धड्यासोबत संपतो. उत्क्रांती संपत नाही, ती पेशीच्या धड्यातही असते आणि परिसंस्थेच्याही.

'समान सूत्रे' लिहा. सूत्र म्हणजे मुळात धागा, आणि सोलापुरात सुताची ओळख करून द्यायला नको. गीतेच्या सातव्या अध्यायात 'सूत्रे मणिगणा इव' आहे: मणी वेगळे, आतून जाणारा धागा एक. थीम म्हणजे नेमकं हेच. अडचण एवढीच, की सूत्र म्हटलं की पोरांना गणिताचा फॉर्म्युला आठवतो. म्हणून फळ्यावर 'सूत्रे' लिहा आणि तोंडाने 'धागे' म्हणा. (जाता जाता: 'सूतोवाच'मधला सूत हा धागा नव्हे, तो पुराणं सांगणारा सूत.)

गीतेच्या त्याच ओळीत 'प्रोतं' हा शब्द आहे, म्हणजे ओवलेलं. तिथून थेट तुमच्या ऊतीकडे जाता येतं. उतू जाण्याशी तिचा काही संबंध नाही. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून 'उत' म्हणजे विणलेलं आणि 'ऊति' म्हणजे वीण. 'ओतप्रोत' यातलाच, आ+उत आणि प्र+उत. उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले, असं ते चित्र आहे. आपल्याला मात्र त्यात घागर ओतल्यासारखं वाटतं!

फ्रेंचांनीही हेच केलं. 'टिश्यू' म्हणजे विणलेलं कापड. बिशा या शरीरशास्त्रज्ञाने 1800 च्या सुमारास सूक्ष्मदर्शक न वापरता शरीरातल्या ऊतींचे 21 प्रकार सांगितले. पुढे 1882 मध्ये वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने पेशीविभाजनाला 'मायटोसिस' म्हटलं, ते ग्रीक 'मिटोस' म्हणजे धागा यावरून. आपलं 'सूत्री विभाजन' त्याला चपखल बसतं. त्या विभाजनात दिसणाऱ्या धाग्यांसाठीचा 'क्रोमोसोम' हा शब्द 1888 चा, जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयरचा. अर्थ रंगीत काया. मराठीने तो अर्थ सोडून 'गुणसूत्र' घेतलं, आणि माझ्या मते मूळ शब्दापेक्षा हे सरस आहे. रंग प्रयोगशाळेत चढवलेला असतो. गुण वाहून नेणारा धागा म्हटलं की आनुवंशिकता नावातच आली.

वर्गात दाखवायला ज्वारीचं ताट आणा, मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर उत्तमच. मोडून ओढलंत की पांढऱ्या गाभ्यातून दोरे लोंबतात. ते वाहक ऊतींचे जुडगे, एकदल वनस्पतीत असतात तसे गाभाभर विखुरलेले. त्यात पाणी नेणाऱ्या जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या आणि पोकळ. पेशी पोकळ झाली म्हणून तिची नळी झाली: रचना आणि कार्य. शेजारची रसवाहिनी जिवंत, पानात उन्हावर तयार झालेली साखर कणसाकडे नेणारी: ऊर्जा. एका ताटात दोन धागे हाती लागतात.

मागाची उपमा फार ताणू नका, हेही सांगतो. चादर फाटली तर रफू करणारा लागतो. खरचटलेली कातडी स्वतःच पेशी वाढवून भरून येते. तिला विणकर नाही.

राहता राहिलं लेखन. सुटा शब्द 'ऊती', शेवटी दीर्घ, एकवचनी आणि अनेकवचनीही: ही ऊती, या ऊती. समासात मात्र ऱ्हस्व, 'ऊतिसंवर्धन' (टिश्यू कल्चर, म्हणजे ऊतीच्या तुकड्यापासून रोपं वाढवणं). 'उतीसंवर्धन' हे जाहिरातीत दिसतं, त्याची दोन्ही टोकं चुकलेली. करमाळ्याकडचे केळीवाले 'टिश्यूची रोपं' म्हणून मोकळे होतात. त्यांना टोकू नका.