पणजीचं पहिलं मत

प्रश्न : माझी पणजी सोलापूरच्या जुन्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिनं पहिलं मत 1952 साली दिलं, असं घरात सांगतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मात्र मुंबई प्रांतात बायकांना 1921 मध्येच मताधिकार मिळाला, असं छापलंय. खरं कोणतं?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : पुस्तकही खरं आणि पणजीही खरी.

1921 साली बाई म्हणून असलेली आडकाठी तेवढी निघाली. शेतसारा, आयकर, घराचं भाडेमूल्य या अटी पुरुषांसारख्याच राहिल्या. आता चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या कामगारिणीच्या नावावर काय असणार? बहुधा पणजोबांचंही नाव यादीत नसेल. पुढे 1935 च्या कायद्यानं अटी सैल केल्या. साक्षर बाईला मत मिळालं आणि मालमत्तेमुळे मतदार ठरलेल्या पुरुषाच्या बायकोलाही. नवऱ्याच्या मिळकतीवर बायकोचं मत, हे मला आजही खटकतं. शिवाय बहुसंख्य प्रौढ माणसं यादीबाहेरच राहिली. प्रौढ मताधिकाराची मागणी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच सायमन कमिशनपुढे मांडली होती. ती घटनेच्या कलम 326 मध्ये उतरली. वय 21, बाकी मिळकत, शिक्षण काही विचारायचं नाही.

या कलमानुसार झालेल्या 1952 च्या पहिल्या निवडणुकीत सोलापूर लोकसभेला दुहेरी मतदारसंघ होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा राखीव, हे घरच्यांनी सांगितलं का? प्रत्येकाला दोन मतपत्रिका. शिक्का मारायची भानगड नव्हती. दर उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. ओळखायचं आणि मतपत्रिका आत सोडायची. दोन्ही मात्र एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. इथून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. काँग्रेसच्या लाटेत आपल्या गावानं दोन्ही खासदार विरोधातले दिले, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पणजीनं मतदार यादीच्या नोंदणीवाल्याला स्वतःचं नाव सांगितलं, हीसुद्धा मोठी गोष्ट. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगणाऱ्या देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं त्या वेळी यादीतून गळाली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या.

परीक्षेत 1921 च लिहा. आणि वय 21 वरून 18 झालं ते 61 व्या घटनादुरुस्तीनं, 1989 मध्ये. तेही विचारतात.