दोर ओढून घेऊ नकोस

सोलापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

स्काऊट मास्तरचं प्राथमिक प्रशिक्षण पुरं केलंस, याचा फार आनंद झाला. आता रविवारी चोवीस मुलं तुझ्यासमोर उभी राहतील. एखादा मुलगा दोर उलटा गुंडाळताना दिसला की तुझे हात शिवशिवतील. दोर ओढून घेऊ नकोस. शिबिरात हे शिकवतात, पण अंगवळणी पडायला वर्ष जातं. 1907 साली ब्राउन्सी बेटावर स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार गट होते आणि प्रत्येक गटाचा नायक मुलगाच होता.

म्हणून चोवीस जणांना एकदम शिकवू नकोस. आठ-आठांचे तीन गट कर आणि आधी फक्त तीन गटनायकांना शिकव. चौकोनी बांधणी घे, म्हणजे दोन काठ्या काटकोनात एकमेकींना दोराने बांधणं. पहिल्यांदा न बोलता करून दाखव. मग सावकाश, बोलत: उभ्या काठीला क्लोव्ह हिच (काठीभोवती दोर दोनदा फिरवून अडकवायची गाठ), दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे, शेवटी आडव्या काठीला पुन्हा क्लोव्ह हिच. तिसऱ्यांदा त्यांच्याकडून करून घे. चौथ्यांदा त्यांनी आपल्या गटाला शिकवायचं आणि तू दहा पावलं लांब उभं राहायचं. बांधणी हलली तर बहुतेक वेळा आवळवेढेच राहिलेले असतात. वेढे काठ्यांना नुसते धरतात, आवळवेढे त्या वेढ्यांना ताणतात. पण हे तू सांगू नकोस. "काठी हलवून बघ," एवढंच म्हण आणि गप्प राहा. मुलाला शोधायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट आपल्यालाच सोसवत नाही.

स्वयंपाकाचंही तेच. आठ जणांच्या खिचडीला साधारण 800 ग्रॅम तांदूळ, 300 ग्रॅम मूगडाळ आणि दोन्हीच्या मिळून मापाच्या तिप्पट पाणी. चुलीत सगळी लाकडं एकदम घातली की तळाला करपते आणि वर तांदूळ कच्चा राहतो. करपू दे. मात्र कुणी उपाशी राहता कामा नये, म्हणून पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेव. ती चार दिवस टिकते, चूल लागत नाही. फक्त पातेलं उतरेपर्यंत तिचा पत्ता लागू देऊ नकोस, नाहीतर चुलीकडे कुणी बघणार नाही.

आता ज्या गोष्टी मुलांवर सोडायच्या नाहीत, त्या नीट ऐक. खिचडी चुकली तर भूक लागते. इथे चूक झाली तर जीव जातो.

पहिलं, ऊन. आपल्याकडे मार्चपासूनच माळ तापतो आणि नान्नजच्या बाजूला सावलीला झाड सापडत नाही. सकाळी सहाला निघ, साडेदहाच्या आत परत ये. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, शिवाय तुझ्याकडे वीस लिटरचा कॅन आणि ओआरएसच्या पुड्या. बडबड्या मुलगा अचानक गप्प झाला, अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो दमलाय असं समजू नकोस. सावलीत आडवा कर, कपडे सैल कर, अंग ओलं करून वारा घाल, 108 ला फोन लाव. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नकोस, ते श्वासनलिकेत जातं.

दुसरं, पाणी. हिप्परग्याच्या तलावाकाठी काळी माती वरून वाळलेली दिसते, आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. काठापासून वीस पावलांवर दोर लाव आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, पोहता येणाऱ्यानेही नाही.

तिसरं, मोजणी. जोड्या लाव. निघताना, थांबल्यावर, पुन्हा निघताना स्वतः मोज, गटनायकाने "सगळे आहेत" म्हटलं तरी. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, दोर आवळणं काही नको. पाय हलू न देता दवाखान्यात.

आणि एक, ज्याबद्दल मोकळेपणाने बोलायला लोक कचरतात. कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहू नकोस, तंबूत नाही, गाडीवर सोडायला जातानाही नाही. सहलीला दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. दुसरा मिळाला नाही तर सहल रद्द कर. एखादं मूल त्याच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू लागलं, तर उलटतपासणी न करता ऐक. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, कारण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे.

गटनायकांची बैठक शुक्रवारी संध्याकाळी घे, चाळीस मिनिटं पुरतात. शिध्याची यादी त्यांच्याच हाताने लिहू दे. हिशेब चुकलेला दिसला तरी खोडू नकोस. "आठ जणांना हे पुरेल का?" एवढं विचार आणि पेन त्यांच्याकडेच राहू दे.

तुझा,
काका