कारखान्यातली वीज गेल्यावर

पोरी,

रविवारी तुमच्या कारखान्यात चहा घेताना तू विचारलंस, "काका, सिनेमासाठी साउंड डिझाइन शिकले तर पुढं काय?" मी तोंड उघडलं आणि नेमके तेव्हाच अप्पांनी सहाही माग चालू केले. बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणून हे पत्र.

सुरुवात अप्पांपासूनच करतो. मागांकडे पाठ करून ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चौथ्याचा ताणा तुटला." उठून बघितलं तर तुटलेलाच. सहा मागांच्या गदारोळात एकाची चाल बिघडलेली कानाला कळणं, याच गोष्टीचे मुंबईत पैसे मिळतात. फक्त अप्पांना काय कळलं ते सांगता येत नाही, आणि आम्हा साउंडवाल्यांना सांगावं लागतं: कुठली फ्रिक्वेन्सी, किती लांबून, भिंतीवर आपटून आलं की थेट. ही भाषा शिकायला विद्यापीठात जायचं. सॉफ्टवेअर तर तुझ्या जुन्या लॅपटॉपवरही येईल. आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं रीपर साठ दिवस फुकट वापरता येतं, आजच टाकून घे.

त्या भाषेचं व्याकरण म्हणजे फिजिक्स, आणि तुला ते नको आहे हे मला ठाऊक आहे. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत लांबच्या हलगीवाल्याचा हात आधी दिसतो, ठोका मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो आणि सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. म्हणजे माइक 14 मीटर लांब राहिला की ओठ आणि शब्द यांत एका फ्रेमचं अंतर पडलं. हे गणित सेटवर उभ्या उभ्या करावं लागतं. तेव्हा बीएस्सी इथंच, सोलापुरातच कर. घरचं खाऊन, कमी खर्चात. पुण्याची एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित रे संस्था, दोन्हीकडचा साउंडचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचाच आहे. ज्या प्रभात फिल्म कंपनीनं 1932 साली पहिला मराठी बोलपट काढला, तिच्याच पुण्यातल्या स्टुडिओच्या आवारात 1960 साली एफटीआयआय सुरू झाली. अप्पांची समजूत घालायची असेल तर साउंड डिझायनर रसूल पूकुट्टींचं नाव सांग. पदवी फिजिक्सची, मग एफटीआयआय, आणि 2009 साली ऑस्कर. तू स्वतः मात्र त्या ऑस्करच्या बाहुलीकडं बघून जाऊ नकोस. तिथं खरी किंमत असते ती शांत खोल्यांची आणि बरोबरच्या पोरांची. मला आजवर मिळालेली निम्मी कामं वर्गमित्रांच्या फोनवरून आली आहेत.

कामाचं म्हणशील तर साउंड डिझायनर म्हणून पडद्यावर नाव येणारे थोडे. बाकीचे लोकेशनवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरतात, संवाद एडिट करतात, फोलीच्या, म्हणजे पावलांसारखे आवाज नव्यानं करून घ्यायच्या, खोलीत नायिकेच्या चपला घालून चालतात (मी चाललोय, मापाच्या नव्हत्या), ऑडिओबुक साफ करतात, गेमसाठी आवाज बनवतात. संवाद एडिटिंगमध्ये तू पुढं जाशील असं मला वाटतं. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड नि दखनी, शाळेत मराठी, असा कान मुंबईच्या पोरांना कुठून येणार? शिवाय पुण्यात गाड्यांच्या कंपन्यांमध्ये आवाज आणि कंपनं तपासणारे लोक लागतात. त्या वाटेला मात्र इंजिनिअरिंग हवं. विजेच्या गाड्या इतक्या गुपचूप येतात की युरोपात 2021 पासून अशा प्रत्येक नव्या गाडीनं सावकाश जाताना मुद्दाम आवाज करावा असा नियम आहे. तो आवाजही कुणीतरी बसून बनवतोच की.

पैसा सुरुवातीची काही वर्षं तुटपुंजा, आणि तोही उशिरा. माझं एक बिल चौदा महिन्यांनी निघालं. घरी हे आधीच सांगून ठेव, नंतर भांडण नको.

आता थोडं रागानं लिहितो. तू कारखान्यात कान उघडे ठेवून बसतेस. 85 डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त आठ तास बसावं, त्यापुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी: 88 ला चार तास, 91 ला दोन. तुमचे माग 90 च्या वरच आहेत. माझ्या डाव्या कानात गेली नऊ वर्षं रातकिडा बसलाय, तो जात नाही. मेडिकलमधून फोमचे बोळे आण, अप्पांनाही दे, आणि ईएनटीकडं जाऊन एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कानाची तपासणी, काढून घे. प्रवेशाचा फॉर्म त्यानंतर.

एक गंमतही सांगतो. पहिल्याच वर्षी एका वाड्यात शूटिंग होतं. फ्रिजची घरघर माइकवर येत होती म्हणून मी तो बंद केला आणि पॅकअपनंतर चालू करायला विसरलो. सकाळी मालकीणबाईंचं पाच लिटर दूध नासलेलं. त्या दिवसापासून फ्रिज बंद केला की मी गाडीची किल्ली त्यातच ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

तुला एक काम देतो. कारखान्यातली वीज जाते तेव्हा माग एकदम थांबतात. त्याच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरची तीन मिनिटं मला हवीत. वीज सांगून जात नाही, त्यामुळं रेकॉर्डर लावून बसावं लागेल, कदाचित चार-पाच दिवस. रेकॉर्डरचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, लेव्हल कमी ठेव, आवाज फाटू देऊ नकोस. थांबल्यावर आधी काय ऐकू आलं, मग काय, मग काय, ते क्रमानं कागदावर लिही आणि मगच फाइल परत ऐक. कागद नि फाइल जुळत नसतील तर दोन्ही तसंच पाठव, दुरुस्त करू नकोस.

तुझा,
काका