कोअर वाढवण्याआधी

प्रिय दोस्ता,

सर्व्हरचे सगळे कोअर १०० टक्क्यांवर आहेत, मग मोठं मशीन मागावं का, असं तू विचारलंस. इतक्यात मागू नकोस. 'टॉप' या कमांडमधल्या त्या आकड्यावर विसंबू नये. प्रोसेसर मेमरीतून डेटा येण्याची वाट बघत खोळंबलेला असला, तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी तो कामातच असतो. 'पर्फ स्टॅट' हे मोजमापाचं साधन लावून एका सायकलमागे, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यामागे, किती इन्स्ट्रक्शन पुऱ्या होतात ते बघ. आजचे प्रोसेसर चार किंवा त्याहून जास्त पुऱ्या करू शकतात. तुझा आकडा ०.५ च्या खाली घुटमळत असेल, तर बहुधा गणित जड नाही, डेटा वेळेवर पोचत नाहीये.

तू पाठवलेला लूप नीट वाचला. सी भाषा, ४०९६ बाय ४०९६ चं डबलचं (८ बाइटच्या दशांश संख्यांचं) मॅट्रिक्स, आणि बेरीज कॉलमवार. सीमध्ये ओळ सलग साठवली जाते, त्यामुळे कॉलममध्ये एक घर खाली उतरलं की पत्ता ३२,७६८ बाइट पुढे जातो. मेमरीतून कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मात्र ६४ बाइटची अख्खी कॅश लाइन येते, म्हणजे आठ डबल. त्यातला तू एकच वापरतोयस. उरलेले सात पुढच्या कॉलमला कामी येतील असं वाटतं, पण तोवर ती लाइन एल-१ मध्ये, म्हणजे सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये, टिकत नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे. ३२ केबीच्या एल-१ कॅशमध्ये सहसा ६४ सेट (कप्पे) असतात, प्रत्येकात आठ जागा. लाइन कुठल्या सेटमध्ये जाणार, हे पत्त्याच्या ६ ते ११ क्रमांकाच्या बिटांवर ठरतं. ३२,७६८ च्या उडीत ते बिट बदलतच नाहीत! म्हणजे एका कॉलमच्या ४०९६ लाइन एकाच सेटमधल्या आठ जागांसाठी भांडतात. शिवाय मेमरी ४ केबीच्या पानांमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक उडीला नवं पान लागतं, म्हणून टीएलबीही (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी छोटी कॅश) पुरत नाही.

दोन लूपांची अदलाबदल कर, बस. कधी कॉलमवार जाणं टळणारं नसेल, तर ओळ ४१०४ डबलची ठेव, शेवटची आठ घरं नुसती रिकामी. मग प्रत्येक पायरीला पत्ता आणखी ६४ बाइट सरकतो आणि लाइन सगळ्या सेटमध्ये विखुरतात. पानांचा प्रश्न त्याने सुटत नाही. तिथे २ एमबीची ह्यूज पेजेस, म्हणजे मोठी पानं, वापरून बघ.

तुझ्या मशीनला दोन सॉकेट आहेत, म्हणजे दोन वेगळे प्रोसेसर आणि प्रत्येकाजवळ आपापली मेमरी, म्हणून आणखी एक. लिनक्समध्ये 'मॅलॉक'ने जागा मागितली तरी पान खरं मिळतं ते पहिल्यांदा लिहिताना, आणि सहसा लिहिणारा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा एक धागा) ज्या सॉकेटवर असेल त्याच्याच मेमरीत. तुझ्या कोडमध्ये मुख्य थ्रेड एकटाच सगळीकडे शून्य भरतो. साहजिकच दुसऱ्या सॉकेटवरचे थ्रेड प्रत्येक वेळी पलीकडच्या मेमरीत जातात. जो थ्रेड ज्या ओळी वापरणार, त्यानेच त्या भराव्यात, आणि थ्रेड कोअरला बांधून ठेव. पानं कुठे पडली ते 'नुमास्टॅट' ही कमांड दाखवेल.

हे दोन्ही बदल एकदम करू नकोस. आधी लूप, मग मोजमाप, मग सॉकेटचं काम. दर टप्प्याचे कॅश मिस आणि टीएलबी मिस (हवं ते तिथे किती वेळा सापडलं नाही) वेगवेगळे लिहून मला पाठव, सोबत बसून बघू.

तुझा,
दादा