ठाण्यात राहून फिजिओथेरपीनंतर अ‍ॅक्युपंक्चर शिकायचे आहे. प्रवेश घेताना काय पाहावे?

अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा असल्यामुळे, ठाणे किंवा नवी मुंबईतील कोणत्याही संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी तिच्या अभ्यासक्रमाला राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची मान्यता आहे का, हे थेट परिषदेकडेच विचारावे. शनिवार-रविवारच्या वर्गांवर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत आहे. खांद्यावरील नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका बिंदूच्या खाली फुप्फुसाचे टोक असते, आणि तेथे सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. सुई किती खोल घालावी याचा अंदाज अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करूनच येतो. आपला शरीररचनेचा अभ्यास येथे निश्चितच उपयोगी पडेल. अमेरिकेत यासाठी साधारण तीन-चार वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असते, मात्र परवाना राज्यागणिक वेगळा.