व्हीसीडीएसची केबल नवीन आहे? आधी एवढं बघ

तू लिहिलंस की नवीन केबल लावल्यावर व्हीसीडीएस (फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्या तपासायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) लायसन्सचा एरर दाखवतंय. अरे घाबरू नकोस, असा एरर आला म्हणजे केबल मेली असं नसतं. व्हीसीडीएसचं लायसन्स लॅपटॉपात नसतं, केबलमध्येच असतं, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकायचा उद्योग आधी करू नकोस (मी केला होता, रविवार गेला).

- केबल गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायचं सॉकेट) लाव, इग्निशन ऑन कर, मग व्हीसीडीएसच्या ऑप्शन्समध्ये जाऊन टेस्ट दाब. इंटरफेस (म्हणजे केबलच) सापडलाच नाही तर तो लायसन्सचा प्रश्न नाही, ड्रायव्हर नाहीतर यूएसबी पोर्ट बघ.
- केबल एन्थुझिअस्ट (हौशी लोकांसाठीचा प्रकार) असेल तर ३ किंवा १० गाड्यांचीच मर्यादा असते. मित्राच्या पोलोसाठी सहज म्हणून एक जागा वापरलीस की ती कायमची गेली, परत मिळत नाही. नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच.

आणि स्वस्तातली कॉपी केबल असेल तर खरं सांगतो, ओरिजिनल सॉफ्टवेअर तिला ओळखणारच नाही, आणि क्रॅक शोधत बसशील तर व्हायरस फुकट मिळेल. नुसते इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचायचे असतील तर त्याच सॉकेटला लागणारं साधं ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टर भरपूर झालं.

कोडिंगच्या (गाडीच्या कंट्रोल युनिटची सेटिंग बदलायच्या) भानगडीत आत्ताच पडू नकोस. टेस्टमध्ये काय आलं ते जसंच्या तसं लिही, मग बघू.